भार्गवीचे शहात्तर

मृणालिनीने पुण्याच्या शाळेत अकरा वर्षं मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेतल्या होत्या. कमी आकडा बघून समोर आई रडो की बाप चिडो, हिचं उत्तर ठरलेलं, टेस्ट प्रमाणित आहे. मग नवऱ्याला, शैलेंद्रला, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला नोकरी मिळाली आणि संसार शेजारच्या न्यूनेनला आला. तिथे, २०२१च्या एप्रिलात, तसाच एक आकडा तिच्याच घरी यावा? काय म्हणावं याला!

तिच्या सहा वर्षांच्या लेकीचा, भार्गवीचा बुद्ध्यांक आला शहात्तर. शाळेचं म्हणणं, तिला विशेष शाळेत घालावं. आईवडिलांची सही शुक्रवारपर्यंत हवी होती.

मृणालिनीने रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला. चाचणी डचमध्ये, घेणाऱ्या बाई मास्क लावून, मध्ये प्लास्टिकचा पडदा. शाळा कितीतरी आठवडे बंद, पोरीचं डच घरात बसून गंजलेलं. त्यात शैलेंद्रच्या मीटिंगा! वर्षभर तिला एकच शिकवण मिळाली होती, बाबा कॉलवर असताना तोंड उघडायचं नाही. रिपोर्टात लिहिलं होतं, उत्तर देण्याआधी फार वेळ गप्प राहते. ते वाचून मृणालिनीला हसू आलं आणि पाठोपाठ रडूच कोसळलं.

मग तिने जुनं किट काढून स्वतःच चाचणी घेतली. मराठीत, लेकीला मांडीवर बसवून. एकशे बारा! हरखून गेली बिचारी. पण दहा मिनिटांतच तिला तिची चूक कळली. घड्याळ लावलं नव्हतं, दोनदा तर डोळ्यांनीच उत्तर सुचवलं होतं. असा आकडा तिने दुसऱ्या कुणाचा मान्य केला नसता. मग पोरगी खरी कितीची? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तिने भाषा, मास्क, बंद शाळा, सगळं मांडलं. शाळेच्या मानसतज्ज्ञ बाईंनी ते ऐकलं, बरंचसं मान्यही केलं. मग शांतपणे विचारलं, "आकडा चांगला आला असता, तर हे मुद्दे काढले असतेत का?"

शैलेंद्र काहीतरी बोलणार होता. मृणालिनीने त्याचा हात दाबला.

"नसते," ती म्हणाली. "पुण्यातही कधी काढले नाहीत. तिथे माझं चुकलं असेल, तर ती मुलं आता मोठी झालीत. हिला एक वर्ष द्या. मी सही करत नाही."

बाईंनी तशी नोंद केली. कॉल संपल्यावर मृणालिनीने शैलेंद्रला विचारलं, आपण पोरीला वाचवलं, की तिचं एक वर्ष वाया घालवलं?