पाटोद्याच्या रस्त्यावर बंद पडणारी गाडी

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसूच येतं. मी बीएस्सी फिजिक्सची. अंगात येणं, बाहेरचं लागणं, करणी... यातलं मी कधी काही मानलं नाही आणि आजही मानत नाही. त्यामुळे खाली लिहिलंय ते भुताचं आहे असं माझं म्हणणं नाही. पण कुणाला डिझेल इंजिनातलं कळत असेल तर जरूर सांगा, कारण आमच्याकडच्या जाणकारांनी हात टेकलेत.

आमचं गाव नेकनूर. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेंड-सरकीचं दुकान आहे. मला पाटोद्याच्या पुढच्या एका गावात दिलं होतं. पंचमीला माहेरी आले आणि आईला सांगितलं की आता मी परत जाणार नाही. नवरा मारायचा. रागाच्या भरात नाही, दार लावून, शांतपणे... आई म्हणाली, "समद्याच घरात आसतंय बाई. जरा कळ काढ." मग चार माणसं बसली, पाव्हणे आले, चहा-फराळ झाला आणि मला नांदायला धाडायचं ठरलं. मी आतल्या खोलीत होते. मला कुणी बोलावलंच नाही.

त्याच सुमारास आप्पांनी जुनी गाडी घेतली. सात सीटची, पांढरी, डिझेलवरची. शिरूर कासारच्या एका ऊसतोड मुकादमाची होती. लेकीला एसटीनं धाडलं तर पाव्हण्यांत काय दिसतं, हेही त्यांच्या डोक्यात होतंच. गाडी माझा थोरला भाऊ चालवायचा. दादानं आठवडाभर बीड केलं, केज केलं... गाडी कुठं साधी खोकलीसुद्धा नाही.

जायचा दिवस आईनं निवडला. बुधवार तर नाहीच – जाशील बुधी, येशील कधी. माझी ओटी भरली, शिदोरी बांधली. मांजरसुंब्याला हायवे ओलांडून आम्ही पाटोद्याच्या रस्त्याला लागलो, आणि थोडं पुढं गेल्यावर इंजिन बंद पडलं. धक्का नाही, धूर नाही, वास नाही. भर दिवसा, सरळ रस्त्यावर, बोलता बोलता माणूस गप्प व्हावा तसं.

दादानं मांजरसुंब्याच्या गॅरेजमधून रफिकभाईला आणलं. त्यानं डिझेल फिल्टर उघडला, पंप मारून लाइनमधली हवा काढली. तरी गाडी हूं की चूं करेना. शेवटी टोचन लावून मागं गॅरेजला आणली आणि तिथं पहिल्याच चावीला चालू झाली. रफिकभाई म्हणाला, "दादा, हवा धरली व्हती. आता काय टेन्शन न्हाई."

पण तोवर दिवस कलला होता, म्हणून आम्ही घरी परतलो. तर आई दारात आडवी. ओटी भरून निघालेली लेक त्याच दिवशी परत उंबऱ्याच्या आत येऊ नये म्हणे. ती रात्र मी शेजाऱ्यांकडे काढली. गाडी मात्र अंगणात घेतली, तिच्यावरून लिंबू उतरवलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा ओटी, पुन्हा शिदोरी. यावेळी पार पाटोदा दिसायला लागल्यावर बंद पडली. जागा वेगळी, लक्षणं तीच. मग गाडी बीडला नेली. तिथं कॉम्प्युटर लावून तपासली – एकही एरर कोड नाही. तरी एक सेन्सर बदललाच, कारण काहीतरी बदलल्याशिवाय आमच्या माणसांना बरं वाटत नाही. मग ट्रायल झाल्या. दादा आणि रफिकभाई सरकीची पोती भरून पाटोद्याला जाऊन आले, काही नाही. मी आणि आई त्याच गाडीतून आईचे डोळे दाखवायला बीडला गेलो, काही नाही.

त्या दिवशी जेवताना सगळे इंजिनावरच बोलत होते. पंप, वायरिंग, रिले... माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "आप्पा, गाडीला सारखं इचारताय काय झालं म्हणून. मला इचारा की येकदा."

आप्पा म्हणाले, "तुला काय इचारायचं? तुला काय कळतंय इंजिनातलं?"

"इंजिनातलं न्हाई आप्पा. मला जायचं न्हाई. तिथं मला मारून टाकतील."

आई म्हणाली, "तोंडाला आवर घाल." दादानं भाकरी मोडली आणि परत वायरिंगवर आला.

आप्पांनी मुकादमाला फोन करून चार शब्द सुनावले, तसा तो दुसऱ्याच दिवशी नेकनूरला हजर झाला. गाडीला नावं ठेवलेली त्याला फार लागली होती. दुकानात बसून तो बोलत होता ते मला आत ऐकू येत होतं. "आप्पा, उचल घेऊन पळून गेलेल्या ऊसतोड्यांच्या टोळ्या ह्याच गाडीत कोंबून कारखान्यावर नेल्यात मी. बाया रडायच्या, पोरं वरडायची. पर गाडी येकदा बी थांबली न्हाई. लई इमानी गाडी हाय. आणा लेकीला, मी सोडतो." हे तो अभिमानानं सांगत होता. माझ्या अंगावर काटा आला तो त्या बायांच्या विचारानं.

तिसऱ्यांदा स्टेअरिंगवर तो स्वतः होता, आप्पा त्याच्या शेजारी, मी मागं. मांजरसुंबा ओलांडलं आणि गाडी थांबली. त्यानं चावी फिरवून बघितली, बॉनेट उघडलं, बंद केलं. मग माझ्याकडं बघत आप्पांना म्हणाला, "गाडीत काय न्हाई आप्पा. पोरीचा पायगुण बघा."

झालं. इतके दिवस सापडत नसलेला फॉल्ट सापडला. फॉल्ट मी होते.

मग मला एसटीनं धाडलं. कधी वेळेवर न येणारी एसटी त्या दिवशी वेळेवर आली, बसायला जागाही मिळाली. वाटेत मी सारखी वाट बघत होते, आता बंद पडेल, आता पडेल... काही झालं नाही. पाटोदा आलं, मागं पडलं.

तिथं पुढं काय झालं ते सगळं लिहिणार नाही. डाव्या कानानं मला आता ऐकू येत नाही, एवढं पुरे. शेजारच्या बाईनं फोन केल्यावर आप्पा आणि दादा न्यायला आले, त्याच गाडीतून. ती आता कुठं दगा देते या भीतीनं मी जीव मुठीत धरून बसले होते. ती दवाखान्यापर्यंत एका दमात आली.

आता मी दुकानात बसते. केस चालू आहे. तारखेला पाटोद्याच्या कोर्टात मी त्याच रस्त्यानं, त्याच गाडीतून जाते. त्यानंतर ती कधीच बंद पडलेली नाही. वायरिंग म्हणाल तर तेच, पंप तोच. कारण मला आजही सांगता येत नाही. आणि माझ्यासाठी थांबली म्हणावं, तर मुकादमाच्या गाडीत रडणाऱ्या त्या बायांसाठी का नाही थांबली... यावर विचार करून मी थकले.

आप्पांपुरता मात्र प्रश्न सुटलाय. ते गाडीला दर अमावस्येला नारळ फोडतात आणि पेंड न्यायला आलेल्या प्रत्येकाला सांगतात, "गाडीनं तीनदा सांगितलं व्हतं, आमालाच उमगलं न्हाई. मुकं वाहन, पर लेकराची माया बघा." लोक बाहेर जाऊन बॉनेटला हात लावून पाया पडतात. मीही सांगितलं होतं. मी तर मुकी नव्हते. पण गोष्टीत ते येत नाही.

त्यांनी ही गोष्ट सुरू केली की मी सरकी मापता मापता जरा वळते आणि डावा कान त्यांच्याकडे करते.