मामंजींनी न पाहिलेला गाल

माझ्या डाव्या गालाची कीर्ती ज्या माणसानं आसपासच्या गावांत पसरवली, त्यानं तो गाल कधी पाहिलाच नव्हता. ते माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्यापुढे पदर ओढून वावरे. सासराही ओसरीवर पाय ठेवण्याआधी खाकरे, आणि सून समोर आलीच तर खांबाकडे बघे. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलं झाली होती, पण मामंजींना माझी ओळख पावलांपुरतीच होती. मला मात्र ते पदराआडून पुरते दिसत. पदराचं कौतुक करणाऱ्यांच्या ही सोय लक्षात येत नाही.

आमचं गाव वाटूरच्या अलीकडे. मामंजी वतनदार. तहसीलदार साहेब दौऱ्यावर आले की पेटीतली शेरवानी बाहेर निघे आणि बोलण्यात उर्दू येई. शेरवानी अंगाला होत नव्हती आणि उर्दू तोंडाला. दोन्ही ताणून चालत. साहेबांनी जेवताना जे सांगितलं ते पुढे महिनाभर आमच्या ओसरीवर शिळं होत पडे. माझ्या गालाचं प्रकरण अशाच एका जेवणात सुरू झालं.

गालाला खळगा होता. लहानपणी दाढेला गळू झालं, ते आत न फुटता गालातून बाहेर फुटलं, आणि जखम भरताना कातडी हाडाला चिकटली. त्यात बोटाचं टोक सहज बसे. माझं माहेर जालन्याचं, वडील शाळामास्तर. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा वडिलांनी मुद्दाम डावी बाजू खिडकीकडे करून बसवलं, म्हणजे पुढे कोणी फसवलं म्हणायला नको. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "गालाचं काय घेऊन बसलात, हात कामाचे हायेत." लग्न ठरलं.

मी सुखात होते. तरी हळदीकुंकवाला गेले की डावी बाजू भिंतीकडे करून बसायची सवय काही सुटली नाही. भिंतीजवळची जागा आधीच कोणी घेतली असेल तर मी घरी काम आहे सांगून निघून येई. हे आत्याबाईंनी पाहिलं आणि एकदा सहज मामंजींच्या कानावर घातलं. मामंजी पान लावत राहिले. पण पुढे तहसीलदार साहेबांनी जेवताना हैदराबादच्या एका सर्जनची गोष्ट सांगितली, की हा माणूस विलायतेत राहून आलेला, लढाईत फाटलेले चेहरे दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेला, पोटावरची चरबी काढून गालात भरतो. साहेब उठायच्या आत मामंजींनी ठरवून टाकलं होतं. त्यात बडेजाव होता हे खरं. पण जी सून भिंतीजवळ बसते तिला मधे बसता यावं, हेही होतं. माणसाच्या एका कामामागे एकच कारण असतं, असं मला पुस्तकांतसुद्धा पटत नाही.

मामंजी, यजमान आणि मी परतूरला आगगाडीत बसलो. दुसऱ्या लढाईचे दिवस. डबे शिपायांनी भरलेले. दवाखान्याला संगमरवरी जिना होता. मामंजी तो जिना पाहून इतके खूश झाले की सर्जन त्यांना जिन्यानंतर भेटला. त्यांनी बाहेर बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपण कोण ते सांगितलं. आत सर्जननं माझ्या यजमानांना उर्दूत काहीतरी समजावलं. मला क्लोरोफॉर्म दिला. जाग आली तेव्हा गाल ठणकत होता आणि पोट त्याहून जास्त. पोटाबद्दल कोणी आधी बोललंच नव्हतं. सगळे गालाबद्दल बोलत होते.

पट्ट्या सुटेपर्यंत तिथं राहावं लागलं. रिकामपणात मी उशाशी पुस्तक धरून वाची. ते नाकाला लावून वाचते हे एका नर्सच्या लक्षात आलं. तिनं मला खालच्या मजल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. यजमानांनी मामंजींना न सांगता गुपचूप चष्मा करून आणला. तो लावून मी खिडकीबाहेर पाहिलं तर समोरच्या लिंबाच्या झाडाला सुटी सुटी पानं होती. झाड म्हणजे हिरवा ढीग, असं मी तोवर समजत होते.

घरी आलो तेव्हा गाल लाडवासारखा गोल होता, उजव्यापेक्षा मोठाच. बाया बघायला आल्या. कुणी बोटानं दाबून पाहिलं, कुणी कानशिलावर बोटं मोडली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्रथमच मधे बसले, दोन्हीकडून उजेड येत होता तिथं. एक म्हातारी म्हणाली, "बाई, पोटातलं गालावर आलं म्हणायचं." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसताना गालाला हात लावला नाही. ते सुख मी विसरलेली नाही.

मग गाल बसू लागला. आधी वाटलं सूज उतरतेय. पुढे उन्हाळा लागला, आंबे आले, आणि आरशात जुना खळगा ओळखीच्या पाहुण्यासारखा परत येऊन बसलेला दिसला. येताना त्यानं एक सोबतीही आणला होता: जबड्याजवळ वाटाण्याएवढी गाठ. भरलेल्यापैकी तेवढीच चरबी उरली होती, तीही भलत्या जागी. आत्याबाईंनी उपाय सुरू केला. पोटाची चरबी आहे, तिला पोटासारखंच जेवू घालायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डिंकाचे लाडू, तूप, खसखशीची खीर. मी भरले, गाल सोडून सगळीकडे भरले. गाठीनं तेवढं थोडं बाळसं धरलं.

मला वाईट वाटलं नाही, असं मी म्हणणार नाही. आधी तो नुसता खळगा होता. त्याच्याशी माझा बाळपणापासूनचा समेट होता. आता तो मोडलेल्या आशेचा खळगा झाला, आणि त्याच्याशी नव्यानं जमवून घ्यायचं होतं. एका दुपारी मी आरसा घेऊन बसले असताना यजमान आत आले. ते कमी बोलत. दारात उभे राहून म्हणाले, "डॉक्टर म्हणला व्हता, ह्यातली बरीच विरघळती. मी तुला सांगितलं न्हाई."

"का?"

"वाटलं, तुझी न्हाई विरघळायची."

यावर रागावता येईना. मी आरसा पालथा ठेवला आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. तो फक्त माजघरात लावायचा, असं आमचं ठरलेलं होतं.

मामंजी रोज संध्याकाळी ओसरीवरून आत्याबाईंना विचारत, "गाल कसा हाय?" आत्याबाई आतून सांगत, "भरलाय. भाकरीवानी फुगलाय." सुरुवातीला ते खरं होतं. पुढे ते खरं राहिलं नाही, पण उत्तर तेच राहिलं, कारण तोवर मामंजींनी तहसीलदार साहेबांना, वाटूरच्या बाजारात आणि दोन लग्नांच्या पंगतीत आमच्या गालाची हकिकत सांगितली होती. यजमानांनी एकदा धीर करून सांगितलं, की गाल थोडा बसलाय. मामंजी म्हणाले, तुझी आई भरलाय म्हणते, बायकांच्या गालांतलं तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं का. मुद्दा बिनतोड होता. स्वतः पाहणं रिवाजात बसत नव्हतं, आणि ज्यांच्या पाहण्यावर त्यांचा भरवसा होता त्या खोटं बोलत होत्या.

असंच चाललं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण मामंजींची बहीण धावड्याला दिली होती; आत्याबाई तिला वन्सं म्हणत, म्हणून घरात सगळ्यांच्याच त्या वन्सं. त्यांच्या मुलीला लहानपणी गोऱ्ह्याचं शिंग लागून गालात खोक पडली होती. मुलगी लग्नाची झाली, तसा मामंजींनी निरोप धाडला: पोरीला घेऊन या, मी स्वतः हैदराबादला नेतो, आमच्या सूनबाईंचं बघा कसं झालंय.

दोघी आल्या. माजघरात आल्याबरोबर वन्संनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं, पाहिलं, आणि आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई तांदूळ निवडत राहिल्या. वन्सं खाली बसल्या, म्हणाल्या, भावानं चार माणसांत शब्द टाकलाय, आता नाही कसं म्हणायचं. पोरगी जेवायला बसली, आणि भाकरीचा घास हातात धरून नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी मी धुणं वाळत घालत असताना ती मागे आली. तिनं विचारलं, लई दुखलं का. मी खरं सांगितलं: गाल कमी, पोट जास्त, आणि पोटावर वण राहिला तो वेगळा. ती म्हणाली, "वहिनी, मला न्हाई जायचं. माझा खळगा माझा मला चालतो. मामाला तुमीच सांगा. माझं कोणी ऐकून न्हाई राह्यलं."

मी म्हटलं, मामंजींशी मी आजवर एक शब्द बोललेली नाही.

"मंग दाखवा," ती म्हणाली.

परतूरला जायला गाडी उद्या सकाळी जुंपायची होती. चारा, पाणी, फराळाचे डबे, सगळी तयारी झालेली. दुपारी मामंजी ओसरीवर पान लावत बसून पोरीला दवाखान्याच्या जिन्याबद्दल सांगत होते. वन्सं शेजारी मान खाली घालून ऐकत होत्या. मी माजघरातून निघाले. चष्मा काढायचं भान राहिलं नाही, की काढावासा वाटला नाही, हे आता सांगता यायचं नाही. पैंजण ऐकून मामंजींनी सवयीनं खांबाकडे तोंड केलं.

"मामंजी," मी म्हटलं, "इकडं बघा."

ते खांबाकडेच पाहत म्हणाले, "सूनबाईला काय पाहिजे, विचारा."

दाराआडून आत्याबाई म्हणाल्या, "आज तुमीच विचारा."

मी पदर मागे घेतला. मामंजींनी मान वळवली. त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग शोधायचा होता, पण ते एखाद्या लांबच्या गावाहून आलेल्या माणसाला ओळखू पाहावं तसे बघत होते. पहिला प्रश्न आला तो असा:

"तुम्हाला चष्मा हाय?"

"हैदराबादला लागला. गालासोबत."

"अन् गाल?"

"तो राह्यला न्हाई."

त्यांनी खळगा पाहिला, मग जबड्याजवळची गाठ पाहिली. शेवटी दाराकडे वळून म्हणाले, "फुगल्या भाकरीवानी म्हणली व्हतीस."

"व्हता की," आत्याबाई म्हणाल्या. "भाकर फुगती, अन् बसतीबी."

वन्संनी तोंडावर पदर धरला. रडायला की हसायला, ते मला दिसलं नाही. मामंजींनी पान डब्यात ठेवलं आणि भाचीला विचारलं, "तुला जायचं का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. तिला काही विचारलं जाण्याची ही पहिलीच वेळ होती. मामंजी उठले, अंगणात जाऊन गड्याला म्हणाले, उद्या गाडी जुंपू नको. परत येताना ओसरीच्या पायरीशी थांबून ते खाकरले. मी पदर ओढून घेतला.

पोरगी पुढं वाटूरलाच दिली, खळग्यासकट. तिचं बरं चाललं.

मामंजींनी माझं तोंड पुन्हा कधी पाहिलं नाही. पण एवढा मोठा माणूस बढाईवाचून राहणार कसा? पुढच्या बाजाराच्या दिवशी ते चारजणांना सांगत होते, की हैदराबादला चष्मा मात्र बिलकुल झकास मिळतो, आमच्या सूनबाईंना साहेबांच्या दवाखान्यातला आहे, बारीक अक्षरसुद्धा वाचतात. माझा चष्मा अशा रीतीनं माजघरातून बाहेर पडला. बढाई खरी करायची म्हणून आठवड्याचं वर्तमानपत्र येऊ लागलं. मी दाराच्या आत बसून वाची, ते बाहेर खांबाकडे तोंड करून ऐकत. लढाईच्या बातम्यांत त्यांना सेनापतींच्या पदव्या आवडत. त्या मी नीट म्हणाव्यात अशी अपेक्षा असे.

हळदीकुंकवाला मी भिंत सोडूनच बसू लागले. गाल तसाच होता. पण चष्मा लावल्यावर समोरच्या बायकांचे चेहरे स्वच्छ दिसत, आणि तिथंही खळगे, वण, देवीचे व्रण पुष्कळ होते. आजवर मला सगळ्यांचे गाल गुळगुळीत दिसत आले होते.

वाचून झालं की मामंजी पानाचा डबा पुढे ओढत. मग संध्याकाळचा त्यांचा तो जुना प्रश्न येई, थोडा बदललेला. आता तो आत्याबाईंना नसे, दाराला असे.

"चष्मा बराबर हाय ना?"

"हाय, मामंजी," मी आतून सांगे.