वाकडं अंगण

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने काढली, त्याने आयुष्यात एकही अंगण केलेलं नसणार. अंगण वाकडंच लागतं. सपाट अंगणात पाणी साचतं, त्याखाली शेवाळ धरतं, आणि मग नाचणं राहू द्या, साधी चालणारी माणसं पाठीवर पडतात. दुकानं, दवाखाने, मंगल कार्यालयं, गाड्यांची शोरूम यांच्यापुढची पार्किंगची जागा पेव्हर ब्लॉक घालून तयार करून देणं हा माझा धंदा. लोकांना वरचे लाल-करडे ब्लॉक दिसतात. मला ढाळ दिसतो, म्हणजे उतार. जागा कुठल्या अंगाला किती कलती ठेवायची, एवढं जमलं की बाकी सगळी हमाली.

हीच म्हण आमचे वडील माझ्यावर फेकायचे. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नानांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात गेली आणि आईची सगळी हयात तिथली राख पुसण्यात. दोरीवरचे कपडे, लोणच्याची बरणी, खिडकीचे गज, सगळ्यावर बारीक करडी राख. मी सिव्हिलचा डिप्लोमा केल्यावर ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा द्यावी आणि सरकारी खुर्चीत बसावं, एवढीच नानांची इच्छा होती. मी दोनदा परीक्षा दिली, दोनदा आपटले, आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी पार्किंगची कामं घ्यायला लागले. माझे ब्लॉक ज्या कारखान्यातून येतात तिथे सिमेंटमध्ये एकलहऱ्याचीच राख मिसळतात, हे कळल्यावर आई पोट धरून हसली. “मी जन्मभर झाडून टाकली, आणि ही विकायला निघाली!” नाना हसले नाहीत. “परीक्षा जमेना म्हणून राख विकते. नाचता येईना, अंगण वाकडे,” म्हणाले.

आणि गंमत बघा, आमच्याच घराच्या फाटकातून आत शिरलं की पावसाळाभर डबकं. निवृत्तीनंतर नाशिक रोडला बांधलेलं घर. गवंड्याने अंगणातला कोबा काचेसारखा सपाट करून दिला होता आणि नानांनी त्याचं कौतुकही केलं होतं. मग पाणी जाणार कुठं? नानांनी डबक्यात तीन विटा टाकल्या. पावसाळ्यात त्यांच्यावरून उड्या मारत आम्ही घरात यायचो आणि पाहुण्यांना फाटकातूनच ओरडून सांगायचो, “मधली वीट डुगडुगते, जपून!” मी चारदा म्हटलं, दोन दिवसांत ठीक करून देते. नानांचं उत्तर ठरलेलं. “माझ्या दारात तुझा धंदा नको. सरकारी ऑर्डर आण, मग दार उकर.”

शेवटी एका भांडणात आमचा करार झाला. मी तेव्हा स्वतःच्या नावावर पहिलंच मोठं काम घेतलं होतं आणि ते दसऱ्याला पुरं होणार होतं. ते नीट पार पडलं तर नाना परीक्षेचं नाव काढणार नव्हते. बिघडलं तर मी निमूट पुस्तकं उघडून बसणार होते. मी तोंडाने फटकळ आहे, पण शब्दाला पक्की.

काम होतं ट्रॅक्टरच्या शोरूमचं. मालक देवळ्याचे. कांद्याच्या व्यापारात नाव कमावलेले हे शेट नाशिकबाहेर हायवेला शोरूम टाकत होते. मुहूर्त दसऱ्याचा, आणि त्या दिवशी शेतकरी पार्किंगमधूनच हार घातलेले ट्रॅक्टर घेऊन जाणार होते.

माझे मिस्त्री मालेगावचे, वयाने नानांच्या बरोबरीचे. मी त्यांना चाचा म्हणते. तरुणपणी ते मागावर कामाला होते. आडव्या-उभ्या धाग्यांवर नजर ठरलेली, त्यामुळे ब्लॉकची एखादी ओळ सुतभर जरी सरकली तरी चाचांना लांबून दिसते. त्यांची एक रीत आहे. भूमिपूजनाला नारळ फुटला की सगळे प्रसादासाठी हात पुढे करतात. चाचा मात्र खाली उकिडवे बसून नारळाचं पाणी कुठं ओघळतं ते बघतात. जमीन तुडवून घट्ट झालेली असली की पाणी हातभर तरी पळतंच. मग ते पाण्याची नळी लावून तीच गोष्ट मोजून खात्री करतात. “नारळ बोलतो, नळी सही करती,” असं त्यांचं म्हणणं. एकदा कुणीतरी चेष्टेत विचारलं, “चाचा, तुम्हाला नारळ कसा काय चालतो?” चाचा म्हणाले, “नारळ तुमच्या देवाचा, ढाळ माझा. आन खोबरं ज्याच्या हाताला लागंल त्याचं.” खोबरं नेहमी चाचांच्याच हाताला लागतं.

नाना या नारळाची फार टिंगल करायचे. “डिप्लोमा केलास ना? मग नारळाला कशाला विचारतेस?”

शेटनी नारळ फोडला तेव्हा पाणी सरळ रस्त्याकडे गेलं. रस्त्याच्या कडेला सरकारी गटार होतंच. चाचांनी समाधानाने मान हलवली. शेट मात्र दचकले.

“म्याडम, तसं नाय चालनार,” ते म्हणाले. “फाटकातून पानी भायेर गेलं म्हंजे लक्ष्मी भायेर गेली. आपल्याला सगळं पानी ईशान्येला पायजे.”

ईशान्येचा कोपरा म्हणजे प्लॉटची मागची बाजू. तिथे शेटनी वास्तुशास्त्राप्रमाणे छोटंसं गणपतीचं देऊळ बांधलं होतं. बोअरवेलही वास्तुशास्त्राप्रमाणे तिथेच खणली होती. त्यामागे पुरुषभर उंचीची कंपाउंड भिंत. गटार नाही, नाला नाही, काही नाही.

इथे मी कच खाल्ली. घरात नानांना उलट उत्तर देताना माझी जीभ अडखळत नाही, पण पहिलं मोठं काम हातचं जाईल या भीतीने मी गोड हसून म्हटलं, “हो शेट, करू की.”

शेट गेल्यावर चाचांनी विचारलं, “ताई, पानी तिकडं जाऊन पुढं कुठं जाईल?”

“करू काहीतरी.”

“पानी काहीतरीकडं जात नाय, ताई. खालीच जातं.”

मी त्यांच्यावर खेकसले. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

चाचा नळी उचलून ईशान्येकडे निघाले. मुरूम, त्यावर खडी, त्यावर रोलर, मग बारीक कच पसरून वर ब्लॉक, असं सगळं पंधरा दिवसांत झालं. दहा फुटांना दीड इंच ढाळ, थेट ईशान्येकडे. काम इतकं देखणं झालं की शेट चपला हातात घेऊन त्यावरून चालत होते. मी म्हटलं, “शेट, ट्रॅक्टर जाणार आहेत यावरून, घाला चपला.”

दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही पाण्याची परीक्षा घेतली. टँकर बोलावून सगळं पाणी फाटकापाशी सोडून दिलं. पाणी सुरेख निघालं. कुठं अडलं नाही, फुटलं नाही, शहाण्या मुलांसारखं रांगेत ईशान्येला गेलं आणि भिंतीला टेकून उभं राहिलं. बघता बघता घोट्यापर्यंत आलं. मग देवळाच्या पायऱ्या बुडाल्या. अडचणीत माणसं देव पाण्यात घालून बसतात म्हणे. मी तर दुसऱ्याचा देव पाण्यात घातला होता.

शेटनी गणपतीकडे बघितलं. “म्याडम,” ते म्हणाले, “लक्ष्मी आली खरी. पन आता तिला बसवायचं कुठं?” ते ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवसांत सगळं उखडून ढाळ उलटा करणं अशक्य होतं. परतीचा पाऊस रोज दुपारी कुठं ना कुठं येऊन जात होता.

घरी नानांनी विचारलं, “कसं झालं?”

“पाणी जिकडं पाठवलं तिकडंच गेलं,” मी म्हटलं. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चाचा त्या कोपऱ्यात डोक्याला हात लावून बसलो होतो. चाचा बोअरवेलच्या लोखंडी झाकणावर बसले होते आणि टाचेने खालच्या पाइपवर ठकठक करत होते. आवाज पोकळ येत होता. मी शेटना फोन लावला. “शेट, या बोअरला पाणी किती आहे?”

“कसलं पानी! तीन उन्हाळे झाले, कोरडी ठाक हाय. वास्तूला पायजे म्हनून ठिवली.”

मी फोन ठेवला आणि चाचांचा हात धरून त्यांना झाकणावरून उठवलं. पाण्याला खालीच जायचं होतं ना? मग खाली जायची वाट आम्हीच अडवून बसलो होतो.

दोन दिवस आम्ही जेवणसुद्धा उभ्यानेच केलं. बोअरभोवती पुरुषभर खोल खड्डा खणला. पाइपला बारीक भोकं पाडून वर जाळी गुंडाळली. खड्ड्यात खाली मोठे दगड, मग खडी, सगळ्यात वर वाळू. गाड्यांच्या जागेवरचं पाणी तेलकट असतं, म्हणून त्याच्या अलीकडे एक वेगळा गाळणीचा हौद केला. वर लोखंडी जाळी बसवली. हे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं आणि मी परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. शेटना मी सांगितलं, “लक्ष्मी बाहेर जाणार नाही. तुमच्याच जमिनीत मुरणार आणि उन्हाळ्यात परत वर येणार.” त्यांचा चेहरा असा फुलला, की मला थोडी लाजच वाटली. हे आधीच सुचायला हवं होतं.

दसऱ्याला नाना आले. छत्री घेऊन, इस्त्रीचा बुशकोट घालून. मी पडलेली बघायला आले होते की उभी राहिलेली, ते मला आजही सांगता येणार नाही. ट्रॅक्टर ओळीने उभे होते, झेंडूचे हार घातलेले. शेट सगळ्यांना आपट्याची पानं वाटत होते. आणि पूजा चालू असतानाच पाऊस आला. असा तसा नाही, पागोळ्यांची धार लागली. माणसं पळत शोरूममध्ये शिरली. मी दारात उभी राहून मनातल्या मनात त्या गणपतीची माफी मागत होते.

पाणी ट्रॅक्टरांच्या चाकांखालून निघालं, झेंडूच्या पाकळ्या घेऊन. सगळ्या पाकळ्या एका रांगेत मागच्या कोपऱ्याकडे चालल्या. नाना छत्री उघडून त्यांच्या मागोमाग गेले. जाळीपाशी पाकळ्या अडकल्या आणि पाणी गुडगुड करत खाली उतरलं. देवळाची पहिली पायरीसुद्धा भिजली नाही. पाऊस थांबेपर्यंत नाना तिथेच उभे होते. थांबल्यावर थोड्याच वेळात ब्लॉक नुसते ओले राहिले, डबकं कुठंच नाही. चाचांनी माझ्याकडे बघून फक्त दाढीवरून हात फिरवला. मला रडू आलं, आणि ते मी दारावरून टपकणाऱ्या पागोळ्यांवर ढकललं.

परत जाताना स्कूटरवर मागे बसलेल्या नानांनी एवढंच विचारलं, “ब्लॉकमध्ये आपलीच राख ना?”

“हो.”

“मग टिकेल.”

बस्स. मी मनात धुमसत होते. मुलीला शाबासकी दिली असती तर काय पेन्शन कापली असती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बोलण्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. फाटकापाशी चाचा उकिडवे बसलेले. नानांनी फोन करून बोलावलं होतं, मला न विचारता. तिन्ही विटा उचलून भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. कोबा झाडून कोरडा केला होता. नानांच्या हातात नारळ होता.

“थांब,” मला बघून ते म्हणाले, “नळी नंतर लाव. आधी हा काय बोलतो ते बघू दे.”

त्यांनी पायरीच्या कडेवर नारळ फोडला आणि पाणी कोब्यावर ओतलं. दोन पांढरी डोकी एकमेकांना टेकतील इतकी खाली वाकली. पाणी जिथे पडलं तिथेच गोल पसरून बसलं. जराही हललं नाही.

“कुठंच जात नाय, नाना,” चाचा म्हणाले. हात खोबऱ्याकडे गेलेलाच होता.

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. माझ्याकडे न बघता त्यांनी धोतराला हात पुसावेत तसे बुशकोटाला हात पुसले.

“बघत काय उभी राहिलीस?” ते म्हणाले. “अंगण वाकडं कर.”