पाटीवरचे चार

भोरला आम्ही होतकरू लेखकांची स्पर्धा घेतली ती जर्मन मास्तरांच्या हट्टापायी. मास्तर जर्मन नव्हते, इथलेच होते. पण हयात पुण्याच्या कॉलेजात जर्मन शिकवण्यात गेली आणि पेन्शन घेऊन गावी परतले तरी डोकं तिकडेच राहिलं. तिकडे नव्या लेखकाची गोष्ट परीक्षकांपुढे मोठ्यानं वाचतात आणि परीक्षक तिथल्या तिथं गुण देतात, असं ते सांगायचे. खरंच तशी पद्धत होती की त्यांनीच रचली होती, देव जाणे. शहानिशा करायला जर्मनीला कोण जातंय.

परीक्षक तिघं. एक मास्तर, एक संस्थानच्या कोर्टातले वकील आणि तिसरा मी, शाळेत मराठी शिकवणारा, वय तेव्हा तीस. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वकिलांना पान लावण्यातून सवड नाही, तेव्हा वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रविवारी दुपारी वाचनालयाच्या माडीवर जमायचं, मी गोष्ट वाचायची, मग तिघांनी पाटीवर दहापैकी गुण लिहून पाट्या एकदम फिरवायच्या. एकदा फिरवलेली पाटी पुसायची नाही. लेखकाचं नाव बंद पाकिटात, गोष्टीवर नुसता आकडा.

आमच्या घरात या स्पर्धेला निराळंच महत्त्व आलं होतं. माझी धाकटी बहीण लग्नानंतर दोन वर्षांत विधवा होऊन विंझरहून माहेरी आली होती. तिला पुण्याला जाऊन शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. शिवाय ती लिहायची. वडील नाही म्हणत नव्हते आणि होही म्हणत नव्हते. शेवटी एकदा जेवताना म्हणाले, "घरच्यांनी वाहवा करून काय उपयोग? लिहितेस ना, मग बाहेर कुठे तरी पहिला नंबर आण. पाठवतो." वडील शब्दाचे पक्के होते. स्पर्धा जाहीर झाली तशी मी तिला आधीच बजावलं, "तू गोष्ट देऊ नकोस. मी परीक्षक. लोक काय म्हणतील?" ती "बरं" म्हणाली. तिच्या "बरं"चा अर्थ मला तोवर कळायला हवा होता.

गोष्टी वीस-बावीस आल्या. त्यांतल्या निम्म्यांत नायिका क्षयानं खंगत होती आणि उरलेल्यांत नायक तुरुंगात होता. सूर्यास्त आला की वकील डुलकी घ्यायचे आणि पात्रं बोलायला लागली की जागे व्हायचे. मास्तर दर गोष्टीला म्हणायचे, "जर्मन माणूस हे एका वाक्यात आटपेल." एकदा वकिलांनी त्यांना ऐकवलं, "पण त्यांचं एक वाक्य पानभर असतं असं तुम्हीच परवा म्हणालात." मास्तर रुसले आणि त्या दिवशी सगळ्यांनाच तीन-तीन गुण देत सुटले.

तिसऱ्या रविवारी दोनच गोष्टी उरल्या होत्या. तोवर तुरुंगातला एक नायक सगळ्यांच्या पुढे होता. आम्ही तिघांनीही त्याला सात दिले होते, म्हणजे एकवीस. मी पुढची गोष्ट घेतली. अक्षर अनोळखी होतं. विधवा बहिणीला सासरहून आणायला भाऊ येतो, एवढीच हकिगत. पण पहिल्या पानावरच वकिलांचा चुना लावणारा हात थांबला. वाचनालयाचा म्हातारा शिपाई, उत्रोलीचा, दाराबाहेर बसायचा, तो आत येऊन भिंतीला टेकला. दुसरं पान संपेपर्यंत मी मनात नऊ लिहून मोकळा झालो होतो.

तिसऱ्या पानावर ती दोघं ओढ्याशी येतात. पावसाचे दिवस, पाणी घोट्याइतकं, पण चढतं. आत्ता उतरायचं की थांबायचं, हे ठरवायला भाऊ चष्मा काढतो आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसतो. चष्मा स्वच्छच असतो. तो पुसेपर्यंत पाणी मांडीला लागतं आणि दोघं परत फिरतात, आणखी महिनाभर सासरी. हे झालेलं होतं. तो ओढा मला ठाऊक होता, आणि चष्मा माझ्या नाकावर होता. गोष्ट तिनं मैत्रिणीकडून उतरवून घेऊन दिली होती.

त्या वेळी साधं काम होतं. कागद खाली ठेवायचे आणि म्हणायचं, ही गोष्ट माझ्या घरातली दिसते, तुम्ही दोघंच ठरवा. दोन मिनिटांचं काम. पण मला माझ्या सचोटीची फार घमेंड होती. उरलेली पानं मी हजेरी घ्यावी तशी वाचली. शिपाई जाता जाता मला म्हणाला, "मास्तर, मगाशी घसा बरा हुता की तुमचा." मी त्याला चहा आणायला पाठवलं.

पाट्या फिरल्या. मास्तरांचे आठ, वकिलांचे आठ, माझे चार. "चार का हो?" मास्तरांनी विचारलं. "शेवट पडला," मी म्हटलं. शेवट मीच पाडला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

उरलेली एक गोष्ट वाचून पाकिटं फोडली तेव्हा वकील माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, ही तर तुमची बहीण. आणि तुम्ही चार दिलेत?" दुसऱ्या दिवशी कोर्टात, तिसऱ्या दिवशी पेठेत, सगळीकडे माझ्या निःपक्षपातीपणाची वाखाणणी. वाटेत थांबवून लोक नमस्कार करायचे. खोटं कशाला बोलू, आठ दिवस मी हवेत होतो. वडील तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पुण्याचा विषय मात्र त्यांनी एका वाक्यात मिटवला, "नंबर दुसरा आला." तो पुन्हा निघाला नाही.

महिन्याभरानं एकदा दुपारी बहीण मागच्या पडवीत तांदूळ निवडत होती. मी पाणी प्यायला गेलो.

"दादा, तू ओळखलं होतंस ना?"

"हो."

"कितव्या पानावर?"

"तिसऱ्या."

"म्हणजे दोन पानं कुणाची ते तुला माहीत नव्हतं." तिनं एक खडा काढून बाजूला ठेवला. "त्या दोन पानांना किती देणार होतास?"

माझा हात चष्म्याकडे गेला.

"पूस," ती म्हणाली, "सावकाश पूस. आता काही घाई नाही."

मी "नऊ" म्हटलं. ती "बरं" म्हणाली आणि सूप पुढे ओढून पुन्हा तांदूळ निवडायला लागली.