टेंपोतल्या गोळ्या

नवऱ्याचा खोकला थांबेना, म्हणून आम्ही दोघं सरकारी दवाखान्यात गेलो. तो शिळफाट्यावर भाड्याचा टेंपो चालवायचा. मी गावी भातशेती आणि सासूबाईंना बघायची. टीबी निघाला. सोबत रक्त तपासलं, तर एचआयव्हीही निघाला. मग माझं तपासलं. तेच.

तिथल्या समुपदेशक बाईंनी नीट समजावलं. रोज गोळी घेतली की माणूस चारचौघांसारखा जगतो. मग म्हणाल्या, "एकमेकांना काय विचारायचं असेल ते इथंच विचारा." आम्ही दोघं भिंतीवरच्या पंख्याकडे बघत बसलो. शेवटी त्यांनी पुढच्यांना आत बोलावलं.

परतताना चौक गावापाशी त्यानं टेंपो बाजूला घेतला. "घरी टीबीच सांगायचा," म्हणाला.

"आन आपन दोघं? आपन तरी बोलायचं का नाय?"

त्यानं गाडी चालू केली.

मला एवढंच विचारायचं होतं, की त्याला आधी ठाऊक होतं का. लावणीच्या वेळी बांधावर जेवायला बसलो होतो, सासूबाई घरी होत्या. तेव्हा विचारलं. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"मला इचारतेस? तुज्याकडनं नाय आला कशावरनं?"

मी तशी नाही हे त्याला माहीत होतं. मी डबा झाकला आणि चिखलात उतरले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. बोलणं उरलं ते मिठाचं, खताचं, सासूबाईंच्या औषधाचं.

मी माझी गोळी जेवणानंतर मोरीत जाऊन घ्यायची. तो म्हणायचा, त्याच्या गोळ्या टेंपोत असतात, तिथंच घेतो. मी खरं धरलं.

पुढच्या वर्षी तो पार वाळला. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधी सोडल्या?" त्यानं मान खाली घातली. बाहेर बाकावर बसल्यावर आपणहून बोलला.

"टेंपोवर बाकीचे डायवर असतात. कोनी पाकीट वाचलं असतं."

"मग घरी घ्यायच्या."

"तुज्यासमोर लाज वाटायची गं. तुला तसं बोललो होतो ना."

एवढंच. त्या आजाराबद्दल आम्ही त्याहून जास्त कधीच बोललो नाही. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण उशीर झाला होता. आजार मेंदूपर्यंत गेला आणि त्याची वाचा बसली. मी उशाशी बसून सगळं बोलायची, राग नाही म्हणून सांगायची. त्याला किती कळलं, देव जाणे. कापणीच्या आधी तो गेला.

यंदा माझ्या भावानं कर्जतचं एक स्थळ आणलं. बायको वारलेला, शांत माणूस. भावाला माझ्या आजाराचं ठाऊक नाही. त्या माणसाला सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. तोंड उघडलं नाही. सासूबाईंना कोण बघणार, असं म्हणून मी नकार कळवला.