मास्तरांचा तह आणि मेव्हण्याचा कोट

आमचे शिंपी मास्तर दुकान चालवता चालवता एक किल्लाही सांभाळत. किल्ला फोनमधला. दुकानात एक पायमशीन, एक इस्त्री आणि गिऱ्हाइकांसाठी डुगडुगता बाक. फोनमध्ये मात्र चार हजार घोडेस्वार आणि दगडी तट. काजं-बटणं करताना मधे जो वेळ मिळे त्यात एकेक बुरूज चढवत तीन वर्षं खपले होते. बायकोला दवाखान्यात न्यायला सवड नसे, पण धान्याची गाडी खिंडीतून सुखरूप पोचली का, हे तासातासाला बघत. मी तिखटमीठ लावतोय असं वाटत असेल तर बायकोलाच विचारा. ती आणखी चार गोष्टी सांगेल.

या खेळात टोळ्या असतात. एका टोळीचे सेनापती मास्तर आणि उपसेनापती त्यांचा सख्खा मेव्हणा, धंद्याने वायरमन. मास्तर त्याला खेळात आणि घरात सारखंच वागवत. म्हणजे राबायचं त्याने आणि शाबासकी घ्यायची यांनी. विश्वास मात्र पुरा. दुकानाची जादा किल्ली त्याच्याकडे, आणि किल्ल्याचा दरवाजा उघडायचा अधिकारही त्याच्याकडे. कारण मास्तरांचा एक नेम होता. कापडावर खडूची रेघ ओढून कात्री हातात घेतली की फोन पालथा. मग शेजारी आग लागली तरी मान वर नाही.

त्या आठवड्यात निळ्या टोळीने त्यांना फार दमवलं. सगळं सैन्य निळ्यांच्या वेशीपाशी अडकून पडलं होतं. मंगळवारी दुपारी मेव्हणा दुकानात आला, काखेत कापडाचं पुडकं.

"भाऊजी, निळ्यांशी बोललोय मी. बारा तासांच्या तहाला तयार आहेत. तुम्ही माघार घ्या."

"माघार घेतली की सैन्य दोन तास वाटेवर. तेवढा वेळ किल्ला रिकामा."

"अहो, तह आहे ना. तहात निळ्यांना बोट तरी लावता येतं का? खेळच लावू देत नाही."

हे खरं होतं. दोन्ही बाजूंनी तह मान्य केला की हल्ल्याचं बटणच नाहीसं होतं. मास्तरांनी तह केला, माघारीचा हुकूम सोडला, चार हजार घोडी वळली.

"आता हा कोट कापा. माझाच आहे. आजच कापा हं, माझं मन फिरायच्या आत."

"तुला रे कशाला कोट? खांबावर चढायला?"

"खालून माणसं बघतात ना, भाऊजी."

मास्तर हसले, मापं घेतली, फोन पालथा केला. कुणाच्या तरी घरची वीज गेली आहे म्हणून मेव्हणा सटकला. मी बाकावर बसलो होतो, एक बटण लावून घ्यायला. "बटणाचा दोष नाही, पोटाचा आहे," असं मला ऐकवून मास्तर कापायला बसले. पाठ झाली, बाह्या झाल्या. फोन सारखा थरथरत होता.

"मास्तर, किल्ला कण्हतोय तुमचा."

"तह आहे," ते म्हणाले आणि कॉलर घेतली.

कात्री खाली ठेवून त्यांनी फोन उचलला. तट जागेवर, बुरूज जागेवर, वर निळा झेंडा. जिंकणाऱ्याच्या जागी मेव्हण्याचं नाव.

त्याचं असं आहे, तह टोळीला बांधतो, टोळी सोडलेल्याला नाही. मास्तरांची कात्री चालू झाली तशी मेव्हण्याने टोळी सोडली. दरवाज्याचा अधिकार टोळी सोडली तरी राहतो, तो मास्तरांनीच काढून घ्यायचा असतो, आणि मास्तर तर त्याच्याच बाह्या कापत होते. दरवाजा उघडून तो आत शिरला, किल्ला घेतला आणि निळ्यांना जाऊन मिळाला. तिकडे त्याला सेनापती करणार होते. मास्तरांचं सैन्य घरी पोचलं तेव्हा दरवाजा बंद.

मास्तरांनी फोन ठेवून सुई घेतली. माझं बटण त्यांनी उलट्या बाजूला लावलं, तेव्हा घाव किती खोल गेलाय ते मला कळलं.

घरी मास्तरांची बायको म्हणाली, "खेळच ना तो? तुम्हीच म्हणता."

"तुला माहीत होतं?"

"त्याने एवढंच विचारलं, भाऊजींना दोन तास फोनपासून लांब कसं ठेवू. मी म्हटलं, पुढ्यात कापड टाक."

हे मला तिनेच सांगितलं, कपडे वाळत घालता घालता. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज जरा खाली गेला.

आठ दिवसांनी मेव्हणा कोट न्यायला आला. मास्तरांनी त्याच्या अंगावर चढवला, खांदे झटकले, कच्चे दोरे एकेक उपसून काढले. कोट असा बसला की मलाच हेवा वाटला.

"वा, भाऊजी. रागावला नाहीत ना? हवा तर अर्धा किल्ला परत देतो."

"दुकानाची किल्ली दे."

"ती कशाला?"

"कोटाचा खिसा फुगतो."

मेव्हण्याने खिसा चाचपला. किल्ली टेबलावर ठेवून तो गेला. मास्तरांनी पुढचं कापड पसरलं, रेघ ओढली, कात्री उचलली. फोन मात्र पालथा केला नाही.