दामूकाकांचा शब्द

दामूकाकांनी घरात कधी तोंडाने चहा मागितला नाही. हात वर करून तळहात स्वतःकडे वळवला, की समजायचं 'घेतो'. तळहात आमच्याकडे केला, की 'देतो', म्हणजे कप उचला. शेअर बाजाराच्या रिंगमध्ये गलक्यात आवाज पोचत नसे, म्हणून दलाल अशा हातांनी खरेदी-विक्री करत. पण आमच्या घरात गलका कुठे होता? वडील गेल्यावर मी आणि आई काकांच्या आश्रयाला आलो होतो. आम्ही तर मोठ्याने शिंकतही नसू.

मला हा माणूस आवडत नव्हता. ते गेल्यावरही आवडत नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं वाचू नये.

काका पुण्याच्या बाजारातले जुने दलाल. रिंगमध्ये सौदा करताना ना कागद, ना सही. शब्द तोंडातून गेला की पक्का. दुपारी भाव कोसळला तरी सकाळचा शब्द पाळायचा. "बोललं म्हणजे झालं," हे काकांचं पालुपद, आणि त्याचा तोरा केवढा! मात्र हा शब्द दलालाने दलालाला द्यायचा. गिऱ्हाइकाला भाव सांगताना काका त्यात आपलं थोडं मिसळत. एका निवृत्त मास्तरांनी "भाव नक्की हाच ना?" असं विचारलं, तर म्हणाले, "अहो, शेअर घ्यायला आलात की माझी परीक्षा घ्यायला?" मास्तर बिचारे ओशाळले.

मग मुंबईत साऱ्या देशासाठी नवा बाजार निघाला. त्याला रिंगच नव्हती. छपरावर उपग्रहाशी जोडणारी तबकडी, टेबलावर संगणक, आणि पुण्या-मुंबईचे दलाल एकाच पडद्यासमोर. चांगला भाव देणाऱ्याचा सौदा आधी. भाव सारखा असेल तर जो आधी आला त्याचा. गिऱ्हाइकालाही खरा भाव दिसायला लागला. बघता बघता पुण्याची रिंग ओस पडली. "पडद्याला तोंड नाही. तोंड नाही त्याला शब्द कुठला?" काका कडाडायचे. मला मात्र तो पडदा फार आवडला. तुम्ही कोणाच्या घरी जेवता, हे तो विचारत नव्हता.

मी संगणक शिकले होते. त्याच बाजाराच्या मुंबईतल्या ऑफिसातून मला नोकरीचं बोलावणं आलं. आईने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी काका आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "तू मुंबईला जाणार नाहीस. रिंगमध्ये सगळ्यांना सांगून आलोय, आमच्या घरातलं कोणी त्या पडद्याची चाकरी करणार नाही."

"मला न विचारता?"

"बोललं म्हणजे झालं."

"काका, नोकरी माझी आहे."

"आणि घर माझं आहे. जायचं तर आईलाही घेऊन जा."

आईला दमा, मुंबईत डोक्यावर छप्पर नाही. मी राहिले. रिंगमध्ये तेव्हा उरलं होतं कोण? जांभया देणारे चार म्हातारे. त्यांना दिलेल्या शब्दापायी मी जन्मभर पतपेढीत पासबुकं भरली.

गेल्या वर्षी काकांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर टीव्हीवर सरकणारे भाव बघत पडून असायचे. करायला आम्ही दोघीच. एका दुपारी त्या मुंबईच्या बाजारातली एक अधिकारी बाई टीव्हीवर बोलत होती. माझ्याच वयाची असेल. काका तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. हात वर आला आणि तळहात स्वतःकडे वळला.

मी चहा आणला. त्यांनी मान हलवली. पाणी आणलं, तेही नको. टीव्हीकडे बोट, माझ्याकडे बोट, आणि पुन्हा तळहात आत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दिलेला शब्द परत घेत होते ते, आयुष्यात पहिल्यांदा.

आई दारातून म्हणाली, "अगं, नुसतं 'बरं' म्हण. तेवढंच हवंय त्यांना."

म्हणता आलं असतं. मी टीव्ही बंद केला.

"काका," मी म्हणाले, "बोललं म्हणजे झालं."

हात बराच वेळ तसाच वर राहिला. शेवटी आईने तो धरून खाली ठेवला.